सहा सारखे पेले आणि एक सुरई

४ फेब्रुवारी

फोन ठेवायचाच होता तर निदान माझं वाक्य तरी संपू द्यायचं होतंस. मी "अगं ऐक, तुझी बहीण" एवढंच म्हटलं आणि तिकडून खट्. म्हातारं माणूस मधेच थांबवलं की पुढचं विसरतं. दिवसभर मी घरात हिंडत होते, आपल्याला काय सांगायचं होतं ते शोधत. संध्याकाळी आठवलं. तेव्हाच ठरवलं, आता कागदावर लिहायचं. कागद आपटलास तरी त्याचं तोंड बंद करता येत नाही.

प्रिय मुंगळ्या, आशीर्वाद. खुशाल असशीलच, रागात माणसाची तब्येत चांगली राहते.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. चौथीच्या पुढे शाळेने मला धरून ठेवलं नाही आणि मीही तिला धरलं नाही. अक्षर मोठं येतं, ओळी उतरणीला लागतात. चुका सापडल्या तर तुझ्याकडेच ठेव, मला कळवायची गरज नाही.

मुंगळा हे नाव तुला लहानपणी पडलं, कारण एकदा चावलीस की मुंडी तुटली तरी सोडत नव्हतीस. आता वर्ष होत आलं, तू त्या निळ्या तावदानाला तशीच धरून बसली आहेस. तुला सगळं माहीत आहे, तरी मी एकदा लिहून काढते, म्हणजे मला किती कळलंय ते मला कळेल. तू आणि तुझी धाकटी भिंगरी, दोघींनी मिळून घरातल्या विजेच्या भट्टीत काचा वितळवून, जोडून, ते तावदान केलंत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ते भिंतीवर लागलं. लोक चहाचे कप घेऊन बघत उभे होते, आणि कोणी हातसुद्धा न लावता ते टण्ण करून वरपासून खालपर्यंत तडकलं. तू म्हणालीस, भिंगरीने भट्टी पुरती निवायच्या आत उघडली. भिंगरी म्हणाली, ताईने खिळे नको इतके घट्ट ठोकले. दोघी चित्रकला शिकलेल्या, दोघींची प्रदर्शनं झालेली, पण भांडण मात्र नळावरचं. मग तू नवऱ्याच्या गावी गेलीस आणि न्हाणीघराच्या फरश्यांच्या दुकानात बसलीस. फरश्या चांगल्याच असतात, उलट बोलत नाहीत.

तुझी आई म्हणते, सासूबाई, तुम्ही मधे पडू नका. मी म्हटलं, मग कुठे पडू? या वयात दुसरीकडे कुठे पडले तर हाड मोडेल.

तर वाक्य असं होतं: तुझी बहीण भट्टीवर जायला लागली आहे. घरातली पेटी नव्हे, गावाबाहेरची खरी भट्टी. तिथे काच मधासारखी पातळ असते, ती लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन फुंकतात आणि भांडी करतात. भिंगरी म्हणाली, काचा कापून जोडणं पुरे झालं, मला काच मुळातून यायला हवी. आपल्या कामाचे फोटो घेऊन गेली. भट्टीवाल्याने एकेक फोटो लांब धरून बघितला.

"हे वाकडं आहे ते मुद्दाम?"

"हो. ती माझी शैली आहे."

"छान आहे. आता एक सरळ करून दाखव."

तिला आलं नाही. त्यावर तो म्हणाला, साधा पाणी प्यायचा पेला कर. मग तसाच दुसरा. सहा सारखे झाले की एक मोठी सुरई कर, कानासकट. त्याच्याकडे एक बाक रिकामा आहे. बाक म्हणजे त्यांची काम करायची जागा, जो तिच्यावर बसेल त्याला स्वतःच्या नावाने कामं घेता येतात. एप्रिल संपला की भट्टी आतून नव्याने बांधायला बंद होणार. तोवर हे जमलं तर बाक भिंगरीचा. नाही जमलं तर बाहेरगावचा एक कारागीर टपून बसलाय, त्याचा.

घरी आली ती चपला दारात भिरकावूनच. "आजी, मी कलाकार आहे! पेले बाजारात डझनाने मिळतात."

मी म्हटलं, "बाजारात मिळतात ते तुला का येत नाहीत मग?"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आपल्या घरात अबोला पटकन धरतात, तुझ्या आजोबांकडून आलंय ते. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन भट्टीवर गेली. मी आयुष्यभर शिंप्याकडे शर्टांची काजं केली. शेवटचं काज पहिल्यासारखं नसलं की शिंपी शर्ट माझ्या तोंडावर फेकायचा. मला कोणी कलाकार म्हटलं नाही, पण माझ्यामुळे भर रस्त्यात कोणाचं पोटही उघडं पडलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. फोन ठेवला नसतास तर एका मिनिटात झालं असतं.

आजी


२५ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. "तब्येतीला जप. त्या विषयावर बोलायचं नाही." मी कुठे बोलतेय, मी लिहितेय.

भिंगरीच्या बाह्या जळक्या यायला लागल्या म्हणून मी एक दिवस तिच्यामागे गेले. म्हटलं, पोरीला कोण भाजतंय ते तरी बघावं. पत्र्याची मोठी शेड आहे. मधोमध भट्टी, तिच्या तोंडात बघितलं की डोळ्यांपुढे बराच वेळ हिरवे ठिपके नाचतात. आवाज असा की शेजारचं माणूस बोललेलं कळत नाही, तुझ्या बापाला तिथे फार सुख वाटेल. पाण्याच्या बादल्यांमध्ये लाकडाचे डाव भिजत असतात, आपल्या वाढायच्या डावासारखेच पण जाडजूड. त्यात तापलेला काचेचा गोळा फिरवून गोल करतात. आणि सगळ्यात मजा म्हणजे वर्तमानपत्र. ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घ्यायची आणि तिच्यावर ती लाल काच सरळ हाताने वळवायची. मी विचारलं, "हात भाजत नाही?" भट्टीवाला म्हणाला, "कोरडं वापरलं तर भाजतो." मी म्हटलं, "बातम्या कोरड्याच असतात हल्ली." तो हसला नाही. हसायला त्याला वेळ लागतो, दुपारी हसला.

नळी सतत फिरवत राहायला लागते. थांबली की काच खाली लोंबते, शेंबडासारखी. आपल्या भिंगरीला भिंगरी म्हणायचं कारण ती एका जागी ठरायची नाही, आणि आता बघ, पहिले पंधरा दिवस तिला नुसतं नीट फिरवणं जमेना. हात अडखळायचा, काच एका बाजूला पोट काढायची. भट्टीवाला ओरडत नाही. नुसता येऊन उभा राहतो आणि त्या पोटाकडे बघतो. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"आजी, चपला बंद पायाच्या घालून या उद्यापासून. खाली तुकडे असतात," तो मला म्हणाला.

मी म्हटलं, "आजी कोणाची? तुझ्या मिशा माझ्या केसांपेक्षा पांढऱ्या आहेत. आणि उद्या येणार कोण म्हणालं?"

"मग मावशी."

"बरं, मावशी चालेल."

दुसऱ्या दिवशी मी बंद पायाच्या चपला घालून गेले.

आता जे लिहिते ते जावयाला वाचून दाखवू नकोस. मी म्हटलं, फुंकायला मला द्या, माझा अर्धा जन्म फुंकणीने चूल फुंकण्यात गेलाय. भिंगरी नको नको म्हणत होती. भट्टीवाल्याने नळी दिली. मी छाती भरून घेतली आणि ओल्या लाकडांना घालतात तशी फुंकर घातली. काचेचा फुगा एकदम एवढा मोठा झाला की पलीकडची माणसं मागे सरली. नंतर तो राहिलाच नाही. कांद्याच्या पापुद्र्यासारखे तुकडे हवेत तरंगत होते, इतके पातळ की खाली यायला तयार नाहीत. एक माझ्या केसात आला. तेव्हा भट्टीवाला हसला.

"मावशी, ही चूल नाही. एक हलकी फुंकर, आणि लगेच नळीच्या भोकावर अंगठा. आतली हवा तापते, ती आपणहून फुगते. बाकीचं काम तिचं."

म्हणजे तोंड बंद ठेवलं की काम जास्त होतं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माझ्या उपयोगाचं नाही, पण तुला कळवून ठेवते.

पेल्यांचं म्हणशील तर पहिला झुकला. दुसऱ्याचा तळ इतका जाड की पाणी दोन घोट मावतं. तिसरा कुंडीसारखा वर पसरला, त्यात तुझ्या बापाने खरंच रोप लावलंय. चौथ्यात माझी कवळी असते. भट्टीवाला फेकून द्यायचा असलेला माल घरी नेऊ देतो, त्यामुळे आपल्या घरात आता सगळे जण वेगवेगळ्या उंचीचं पाणी पितात. पण परवा तिचे दोन सारखे झाले. कंपासाने मापले, काट्यावर तोलले, उंची एक, तोंड एक, वजन एक. घरी आणून माझ्या शिवणयंत्रावर शेजारी शेजारी ठेवले आणि दिवा लागेपर्यंत बघत बसली. मधेच त्यांची अदलाबदल करायची आणि स्वतःलाच विचारायची, आता कुठला कुठे आहे? स्वतःच्या प्रदर्शनात ही पोरगी अशी हसलेली मी पाहिली नाही. तिथे ती वाकड्या तोंडाच्या लोकांना आपली शैली समजावून सांगत असायची.

मी तुला लिहिते हे तिला माहीत नाही. तिला वाटतं, मी पेन्शनवाल्यांशी भांडतेय.

आजी


२० मार्च

पत्रासोबत काडेपेटी आहे. ती सावकाश उघड. कापसात काचेचा धागा आहे, तो तुझ्या बहिणीच्या टेबलावरून मी चोरलाय. आधी पुढचं वाच, मग उघड.

भिंगरीचे चार पेले पास झाले. म्हणून भट्टीवाल्याने तिला रंगाची काच हाताळायला दिली. त्याचा एक नियम आहे. दोन वेगळ्या काचा एकत्र करायच्या आधी दोन्हींचा छोटा छोटा तुकडा शेजारी शेजारी तापवायचा, चिकटवायचा आणि चिमट्याने ओढून धागा काढायचा. तो खाली ठेवून गार होऊ द्यायचा. सरळ राहिला तर त्या दोघी एकत्र राहू शकतात. वाकला तर समजायचं, गार होताना एक जास्त आकसते आणि दुसरी कमी. अशा काचा जोडल्या तर दिसायला सुंदर दिसतील, पण आतून एकमेकींना ओढत राहतील, आणि आज नाही तर काही महिन्यांनी तडकतील. हात लावा नाहीतर लावू नका.

हे ऐकून ती घरी आली आणि जेवली नाही. पलंगाखालून खोका ओढला, तुमच्या त्या तावदानातले उरलेले तुकडे काढले, एक निळा आणि एक पांढरा, आणि रुमालात बांधून ठेवले. सकाळी तिच्याआधी मी चपला घालून दारात उभी.

भट्टीवर तिने ते दोन्ही तापवले, चिकटवले, ओढले. बोटभर धागा निघाला. बाकावर ठेवला. आधी सरळ होता. मला वाटलं, चला, काही नाही. मग तो आमच्या डोळ्यांदेखत वळायला लागला, झोपेतून उठलेलं मांजर पाठ काढतं तसा. धनुष्य झालं त्याचं.

भट्टीवाल्याने विचारलं, "कुठे लावलं होतंस हे?"

"दवाखान्यात. भिंतीला."

"पडलं?"

"तडकलं."

"मग नशीबवान आहेस. माझं झुंबर होतं. हॉटेलात. लोकांच्या सूपमध्ये पडलं. तेव्हा मला हा धागा माहीत नव्हता, मी आपला वर्षभर दोर बांधणाऱ्याला शिव्या देत होतो."

भिंगरी पालथ्या बादलीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता नाक वाहायला लागलं, ते तिने हाताला लागेल त्याने पुसलं, म्हणजे ओल्या वर्तमानपत्राने. सगळ्या तोंडावर शाई. त्या तोंडाने ती म्हणाली, "आजी, ताईने खिळे नीटच ठोकले होते गं."

कळलं का तुला? भट्टी वेळेवरच उघडली होती. खिळेही नीट होते. निळी काच तू आणलीस, कारण त्या दुकानातली निळी तुझ्या मनात भरली. पांढरी तिने दुसऱ्या दुकानातून आणली, कारण ती जास्त स्वच्छ होती. दोन्ही काचा चांगल्या, दोघींची निवड चांगली. दोघी बरोबर होतात आणि तावदान तडकलं. हे तुम्हाला दोघींना सहन होईल का मला शंका आहे. चूक दुसरीची नव्हती हे ऐकून माणसाला वाटतं तेवढा आनंद होत नाही.

आणि यातून बोध वगैरे काढत बसू नकोस, दोन काचा म्हणजे दोन बहिणी असला. काच ही काच आहे. तुम्ही एका पोटच्या, दोघी सारख्याच आकसता.

भिंगरी म्हणाली, "ताईला मी स्वतः लिहीन. तू काही कळवू नकोस." रोज लिहायला बसते. "प्रिय ताई" लिहिते, त्याच्या खाली पेल्याचं चित्र काढते आणि फाडते. टोपली भरली. तिचा मुहूर्त लागेपर्यंत मी टिकेन असं नाही, म्हणून धागा मी पाठवला. तो हरवला म्हणून तिने सगळं घर उलथंपालथं केलं. मी म्हटलं, मांजराने नेला असेल. म्हणाली, आपल्याकडे मांजर कुठे आहे? मी म्हटलं, तेच तर, परकं मांजर.

आता उघड काडेपेटी.

आजी


१३ एप्रिल

एवढा मोठा लिफाफा, त्यात एवढा कोरा कागद, आणि त्यावर एकच शब्द. "मिळालं." शब्दांनाही फरश्यांसारखा भाव लागतो का तुमच्याकडे? पण शाई दोन ठिकाणी पसरली होती, ते मी बघितलं. सर्दी असेल.

परीक्षा झाली. पेले पास. सहाच्या सहा. भट्टीवाल्याने ते उलटे केले, सुलटे केले, डोळे मिटून एकेक हातात घेऊन वजन बघितलं, मग त्यात पाणी भरलं आणि सगळ्यांची पातळी जुळवून बघितली. एका थेंबाचा फरक काढायला बघत होता बिचारा. मिळाला नाही. "हं," म्हणाला. त्याचं हं म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

मग सुरई. ही एकट्याने होत नाही. भिंगरी बाकावर बसून नळी फिरवणार, आणि दुसऱ्या माणसाने योग्य वेळी भट्टीचं झाकण उघडायचं, तिचा हात भाजू नये म्हणून मधे फळी धरायची, सुरईच्या तळाला सळई चिकटवायची, कानासाठी तापलेली काच आणून द्यायची, आणि शेवटी जाड हातमोजे घालून ती झेलायची आणि निववायच्या पेटीत ठेवायची. सगळं अगदी त्या क्षणाला. आधी नाही, नंतर नाही.

मदतीला शेजारच्या बाकावरचा लांबुडका होता. माणूस चांगला आहे, कामसू आहे. पण तो विचारतो. "उघडू?" "धरू?" "आणू का आता?" तिने हो म्हणेपर्यंत काच गार होते. दोनदा निभावलं. पोट झालं, मान झाली, सुंदर उतरती मान, तुझ्या लग्नात तू हार घालताना वाकवली होतीस तशी. कानाची वेळ आली. लांबुडका काच घेऊन तीन पावलांवर थांबला आणि म्हणाला, "डावीकडून देऊ की उजवीकडून?" तेवढ्यात सुरई सळईवरून सुटली. धप्प झालं आणि मग टण्ण.

तो लांबुडका रडायच्या बेतात आला. भिंगरीने त्याची पाठ थोपटली, झाडू घेतला, सगळं स्वतः झाडलं. कोपऱ्यातलेसुद्धा तुकडे काढले. शैली वगैरे काही म्हणाली नाही.

भट्टीवाला म्हणाला, "हात दोन असून भागत नाही, चार लागतात. आणि चारही एका डोक्याचे लागतात. आहे असं कोणी?"

"नाही," ती म्हणाली. ते अशा आवाजात म्हणाली की आहे हे लांबुडक्यालासुद्धा कळलं.

त्याने तिला आणखी एक संधी दिली आहे. सत्तावीस तारखेला. त्यानंतर भट्टी विझवणार. त्या बाहेरगावच्या कारागिराचं पत्रही येऊन पडलंय.

मधल्या दिवसांत मी मदतनीस होऊन बघितलं. माझ्या कोपरावर जी पट्टी आहे ती त्यातलीच, पण हे तुझ्या बापाला माहीत नाही, त्याला मी इस्त्री सांगितली आहे. झाकण उघडायची वेळ मला बरोबर कळते गं, फक्त मी तिथे पोचेपर्यंत ती वेळ निघून जाते. गुडघे.

आता मला आठवतं ते सांगते. तुम्ही दोघी घरात काम करायचात तेव्हा भिंगरीने नुसता हात पुढे केला की त्यात कात्री यायची. तिने मागितलेली नसायची. मी दारातून बघायची आणि मला वाटायचं, या बोलत का नाहीत, भांडल्या की काय? भांडला नव्हतात तेव्हा.

मी तुला ये म्हणत नाही. माझ्या म्हणण्याने या घरात कोणी कधी आलं नाही आणि गेलं नाही. सत्तावीसला शनिवार आहे. तुमच्या दुकानाला शनिवारी अर्धी सुट्टी असते असं जावई एकदा म्हणाला होता. उरलेला अर्धा दिवस फरश्या कुठे पळून जाणार नाहीत.

आजी


५ मे

गेलीस ती निरोप घेताना मला वाकून नमस्कार केलास आणि माझाच चष्मा पर्समध्ये घालून नेलास. हे पत्र तुझ्या आईचा चष्मा लावून लिहितेय, त्यामुळे काही ओळी गावभर फिरून येतील. चष्मा परत पाठव.

तू होतीसच तिथे, तरी लिहिते, कारण तुला तुझं स्वतःचं तोंड दिसत नव्हतं. तू शेडच्या दारात बॅग घेऊन उभी राहिलीस. भिंगरीने बघितलं. तू तिच्याकडे बघितलंस. दोघींपैकी एकीलाही "आलीस?" आणि "आले" म्हणता आलं नाही. तू बॅग ठेवलीस, ओढणी कमरेला बांधलीस, भिंतीवरचे हातमोजे काढलेस. तुला ती भट्टी नवी होती, म्हणून झाकण उघडताना तू आधी दोन वेळा लांबुडक्याच्या शेजारी उभी राहून नुसतं बघितलंस. तिसऱ्या वेळी त्याला खांद्याने बाजूला केलंस. बरं केलंस, त्यालाही हायसं वाटलं.

आणि मग एक शब्द नाही. झाकण उघडलं, मिटलं. फळी आली, गेली. तिने मान वर करायच्या आत तू सळई घेऊन हजर. कानाची काच आणलीस ती उजवीकडून, आणि तिने कात्री लावली, खेचली, वळवली, चिकटवली. भट्टीवाला माझ्या कानाशी म्हणाला, "काय समजूत आहे मावशी दोघींची! एकमेकींना विचारावं लागत नाही." मी म्हटलं, "समजूत कसली डोंबलाची, अबोला आहे तो. वर्षभराचा."

सुरई सुटली ती तुझ्या हातमोज्यांत. तू ती पेटीत ठेवलीस, दार लावलंस, कडी घातलीस. आणि मग तुम्ही दोघी जे सुटलात!

"खिळे म्हणे घट्ट ठोकले! मी ठोकले?"

"आणि मी भट्टी लवकर उघडली? माझ्या तोंडावर म्हणालीस, डॉक्टरांसमोर!"

"तू एक फोन केलास का?"

"तू उचलला असतास का?"

"उचलला नसता! पण तू करायला हवा होतास!"

भट्टीच्या आवाजावर तुमचा आवाज चढला. पलीकडच्या बाकांवरची माणसं काम टाकून बघायला आली. लांबुडका मला विचारत होता, "सोडवू का?" मी म्हटलं, "हात लावशील तर बघ, वर्षाची उधारी आहे." शेवटी दोघींना आठवेना की पुढे काय बोलायचं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "तुझ्या भुवया कुठे गेल्या?" आणि ती म्हणाली, "जळल्या." मग तुम्ही दोघी जमिनीवर बसून माझा डबा संपवलात. मला एक घास ठेवला नाहीत.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही, कारण तू रविवारीच गाडी पकडलीस. सुरई सोमवारी पेटीतून निघाली. पाणी भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. ओतताना धार तुटत नाही, नंतर तळाशी ओघळ येत नाही. कान असा बसलाय की चार बोटं आपणहून त्यात जातात. भट्टीवाल्याने ती उन्हात धरली, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. मग बाकाकडे बोट केलं आणि म्हणाला, "तुझा." झालं. बाहेरगावच्या कारागिराला नकार गेलासुद्धा. भिंगरी बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. मला बसवलं. टणक आहे.

पण एक अडलंय. त्यांच्यात रीत आहे की पास झालेल्या पहिल्या मोठ्या कामाच्या तळाला कारागिराने आपली खूण कोरायची. हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल असते त्यासाठी. खूण फक्त बाकावरच्या माणसाची, मदतनिसाची नाही. भिंगरीने पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. म्हणाली, "एकटीची खूण घातली तर ते खोटं होईल."

तो म्हणाला, "रीत आहे."

मी विचारलं, "कोणाची?"

"माझ्या वडिलांची."

"आहेत का ते?"

"नाहीत."

"मग तू विचारणार कोणाला?"

त्याने मिशी चोळली. बराच वेळ चोळली. म्हणाला, "दोन खुणा चालतील. पण दुसरी खूण बाकावरच्या माणसाचीच हवी, पाहुण्याची नको. सप्टेंबरात भट्टी पुन्हा पेटेल तेव्हा दोघी रोज इथे दिसणार असतील तर कोरा." तोवर सुरई त्याच्या फळीवर उभी आहे, तळ कोरा. पेले शिकाऊ कामात जमा, पण बिनखुणेचं मोठं काम तो शेडबाहेर जाऊ देत नाही.

मी तुला आग्रह करत नाही. तुझं दुकान आहे, घर आहे, नवरा आहे. त्याचा मला काल फोन आला होता. म्हणाला, बदली मागितली तर मिळेल, पण ही सारखी खिडकीपाशी उभी राहून पेल्यातून उजेड बघते आणि काही सांगत नाही. पेला कुठला, मी विचारलं. म्हणाला, तिकडून येताना बॅगेत आणलाय, सहातला एक. म्हणजे आमच्याकडे पाच का आहेत ते कळलं. भिंगरी पुन्हा त्या मांजरावर संशय घेत होती.

तुला नाही म्हणायचं असलं तर नाही म्हण. ती लांबुडक्याला शिकवेल, तो विचारायचा कमी होईल, दोन वर्षांत जमेल त्यांचं. भिंगरी काही रडत बसणार नाही. ती आता सहा सारखे करू शकते, तिला कोणाची दया नको. पण ती मला रोज विचारते, पोस्टमन आला का? आणि मी रोज म्हणते, पेन्शनवाले हरामखोर आहेत.

तुझी,
आजी

ता. क. उत्तर जावयाने फोनवरून द्यायचं नाही. तुझ्या बापाकडे निरोप ठेवायचा नाही, तो अर्धा विसरतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्या मनचा सांगतो. मला तर अजिबात लिहायचं नाही, माझा यात काही संबंध नाही. हो असो की नाही असो, तू स्वतःच्या हाताने लिहायचं आणि पाकिटावर भिंगरीचं नाव घालायचं.